तिसरी पाळी

मी फक्त गाडी चालवतो.
आत काय चालतं ते मला विचारू नका.
मी जनरेटर बघतो, पायऱ्या लावतो,
बर्फ पडला तर मीठ टाकतो.

स्प्रिंगडेल, आर्कान्सा.
कोंबड्यांच्या कारखान्यामागचं पार्किंग, रात्रीचे सव्वादोन.

आमचा दवाखाना नऊ ते पाच उघडा असायचा.
भिंतीवर हसऱ्या बायकांची पोस्टरं,
छातीची तपासणी फुकट, खुर्च्या नव्या,
फक्त बाई एकही नाही.
त्या वेळी बायका झोपलेल्या असत,
किंवा बहिणीची पोरं सांभाळत,
किंवा दुसऱ्या नोकरीवर.
खाडा झाला की एक पॉइंट,
सात पॉइंट झाले की घरी.
गाठ काही पॉइंट देत नाही,
म्हणून तिचं नंतर बघू.
दुखणं अंगावर काढायला
त्यांना कुणी शिकवलं नव्हतं,
गेटवरच्या घड्याळाशिवाय.

हर्टिना आमची दुभाषी.
सहा वर्षं त्याच पट्ट्यावर पंख कापलेली.
ती म्हणाली, त्या येणार नाहीत, गाडी न्या. रात्री न्या.
मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या
आणि दीड वर्षाने गाडी आली.

अडीचला पाळी सुटते.
रबरी बूट, क्लोरीनचा वास,
हातमोज्यांतून निघालेली पांढरीफटक बोटं.
याक्वे, म्हणते हर्टिना दारात.
नमस्काराला हाच शब्द, मायेलाही हाच.
मला त्यांच्या भाषेतला एवढाच येतो.

पहिल्या रात्री तिघी.
दुसऱ्या रात्री एक,
तीही शौचालय समजून चढलेली.

लिमेयो मात्र गाडीपाशी येऊन थांबायची.
सुनेला न्यायला येते रोज, थर्मास घेऊन.
पायरीवर पाय ठेवायची नाही.
एकदा माझ्या कपात कॉफी ओतता ओतता बोलली,
हर्टिनाने सांगितलं ते असं:

आमच्या बेटावर पण आली होती अशी पांढरी खोली,
जहाजातून. मी एवढीशी.
गळा चाचपला, रक्त घेतलं,
कडकडणारं यंत्र फिरवलं अंगावरून.
दरवर्षी यायचे. दरवर्षी मोजायचे.
काय लिहिलं ते त्यांच्या वहीत राहिलं.
माझी बहीण मोजता मोजता गेली.

मग तिने विचारलं,
कागद कुणाकडे राहणार?
तुमच्याकडे.
कुठल्या भाषेत?

हर्टिना यावर काही बोलली नाही.
पण त्यानंतर महिनाभर
माझ्या केबिनमध्ये बसून ती लिहीत होती, खोडत होती.
डॉक्टरांच्या एका ओळीला
तिला पाच ओळी लागायच्या.

मार्चमध्ये लिमेयो चढली.
कठडा धरून, थर्मास माझ्या हातात देऊन.
बाहेर आली तेव्हा कॉफी अजून गरम होती.
मागोमाग सून. मग सुनेच्या पाळीतल्या सहाजणी,
मग मी मोजायचं सोडलं.
मोजण्याचं मला जरा वाईटच वाटू लागलं होतं.

कुणाच्या कागदावर काय, मला ठाऊक नाही.
एकीला लिटल रॉकला न्यायला लागलं, मी नेलं.
साडेतीन तास. ती वाटेत गाढ झोपली,
इतकी, की पोचल्यावर मी इंजिन चालूच ठेवलं
दहा मिनिटं.

आता माझं.
पुढच्या कप्प्यात, हवा मोजायच्या गेजखाली
माझ्या नावाचं एक पाकीट आहे. आतड्यांच्या तपासणीचं.
घरी करायचं, टपालात टाकायचं,
लाज वाटण्यासारखं सोपं.
ऑगस्टपासून पडलंय.
माझ्या बापानेही असंच काढलं होतं अंगावर.

परवा लिमेयोने टिश्यू शोधायला कप्पा उघडला.
पाकीट पाहिलं. नाव वाचलं.
हर्टिना जवळ नव्हती.
बोट माझ्याकडे केलं, मग पायऱ्यांकडे,
मग परत माझ्याकडे:
तुझी पाळी कधी?

त्यांच्यात 'हो' म्हणायला
नुसत्या भुवया उचलतात.
मी उचलल्या.
ती तिथेच उभी राहिली,
कप्पा उघडा धरून.